कोणता निवडुंग

निजामी अमलात औरंगाबादेतल्या एका सरकारी कचेरीत मी मुतर्जिम होतो, म्हणजे तर्जुमा करणारा कारकून. वरून येणारे हुकूम उर्दूत असत. गावोगावच्या लोकांना उर्दू वाचता येत नसे, म्हणून त्यांचं मराठी करायचं, ते शिळाछापावर छापून घ्यायचं आणि पाटील-पटवाऱ्यांकडे रवाना करायचं. गावाकडून मराठीत अर्ज आणि अहवाल येत, ते उर्दूत करून साहेबांपुढे ठेवायचे. माझं वय तेव्हा चोवीस होतं आणि हे काम आपल्याला चांगलं जमतं असं मला वाटत होतं.

माझी शाळा उर्दूतून झाली. गणित, भूगोल, इतिहास, सगळं उर्दूत. मराठी मी शिकलो ती घरी, वडिलांसमोर बसून, पोथ्या आणि जुनी मासिकं वाचून. त्यामुळे माझ्याजवळ दोन मराठ्या होत्या. आई बोलायची ती एक आणि कागदावर लिहायची ती दुसरी. कागदावरची मराठी घरच्या मराठीपासून जितकी लांब तितकी ती चांगली, अशी माझी समजूत होती. ती मला कुणी शिकवली नव्हती, माझी मीच करून घेतली होती.

माझ्या वर एक पेशकार, म्हणजे साहेबांपुढे कागद मांडणारे वरिष्ठ कारकून, होते. पन्नाशीच्या पुढचे, शहागंजाकडे राहणारे, घरी दखनी आणि कचेरीत अगदी जपून उर्दू बोलणारे. मराठी त्यांना बोललेली सगळी कळायची. वाचायला मात्र वेळ लागायचा. मी केलेल्या तर्जुम्यावर सही त्यांची असे. "तुम लिखे, मतलब ठीकच लिखे," असं म्हणून ते पुष्कळदा न वाचताच सही करत. त्यांच्या त्या विश्वासाचा मला अभिमान वाटायचा.

एका उन्हाळ्याच्या सुरुवातीला एक गश्ती आली. सगळ्या गावांना फिरवायच्या हुकमाला आमच्याकडे गश्ती म्हणत. गावाभोवती जी काटेरी झुडपं माजली आहेत त्यांत उंदीर आणि साप राहतात, उंदरांमुळे रोगराई पसरते, लोक त्यांच्याच आडोशाला घाण करतात, तेव्हा पावसाळ्यापूर्वी ती तोडून जाळून टाकावीत, असा मजकूर होता. झुडपाचं नाव दिलं होतं 'थूहर', आणि पुढे खुलासा केला होता, 'यानी चप्पल सेंड'.

थूहर हा शब्द मला शाळेच्या पुस्तकातून माहीत होता. काटेरी, मांसल, रानात उगवणारं काहीतरी, एवढंच. चप्पल सेंड मात्र मी कधी वाचलं नव्हतं. पेशकार त्या दिवशी रजेवर होते. संध्याकाळी जेवताना मी आईला विचारलं, चपलेशी संबंध असलेलं कुठलं काटेरी झाड आहे का.

"चपलेच्या तळव्यासारख्या पाती असतात त्याला," आई म्हणाली. "लाल बोंडं येतात. तो फड्या निवडुंग."

दुसऱ्या दिवशी मी कच्च्या मसुद्यात 'फड्या निवडुंग' असंच लिहिलं. मग पक्की प्रत लिहायला बसलो तेव्हा तो 'फड्या' मला खटकला. सरकारी हुकमात तो शब्द स्वयंपाकघरातून उठून आल्यासारखा दिसत होता. निवडुंग म्हटलं की पुरे, लोकांना कळतंच, असा विचार करून मी त्याच्यावर रेघ मारली. पक्क्या प्रतीत वाक्य असं झालं: 'गावासभोवती असलेला सर्व निवडुंग मुळासकट छाटून त्याचे दहन करावे.' वाक्य मी दोनदा वाचलं आणि मला ते आवडलं. पेशकारांनी सही केली. कागद छापून गेले.

पाच-सहा आठवड्यांनी गावांकडून अहवाल येऊ लागले. बहुतेक एका ओळीचे होते, हुकमाप्रमाणे तामील केली म्हणून. करमाडच्या पलीकडच्या एका गावाच्या पाटलाचा अहवाल मात्र पानभर होता. त्यानं पटवाऱ्याकडून लिहवून घेतला असावा, कारण अक्षर वळणदार होतं. हुकमाप्रमाणे गावाभोवतीचा आणि लागून असलेल्या शेतांच्या बांधांवरचा सगळा निवडुंग तोडला, असं त्यात होतं. तोडताना चीक उडून सात माणसांचे डोळे आले. सहा जणांचे बरे झाले, एक बाई अजून पाहू शकत नाही. शेतांना आता कुंपण राहिलेलं नाही, गुरं आत शिरतात, तरी पुढं काय करावं याचा हुकूम व्हावा.

हे सगळं मला उर्दूत करायचं होतं. पहिली दोन वाक्यं मी केली. 'चीक' या शब्दाशी येऊन थांबलो. आईनं सांगितलेल्या झाडाबद्दल मी पुन्हा आठवलं. चपलेसारख्या पाती, लाल बोंडं. चिकाचं ती काही बोलली नव्हती. आणि बांधावर कुंपण म्हणून लोक मुद्दाम लावतात ते झाड सरकार कशाला तोडायला सांगेल, हाही प्रश्न मला तेव्हा पहिल्यांदा पडला. मी कागद टेबलाच्या खणात ठेवला आणि दुपारी सुट्टी मागून शहराबाहेरच्या सरकारी बागेत गेलो.

तिथं एक म्हातारे माळी होते. आमच्या कचेरीच्या आवारातली झाडं तेच बघायचे, म्हणून ओळख होती. ते संत्र्याच्या रोपांना आळी करत बसले होते. मी विचारलं, "बाबा, निवडुंग तोडला की चीक निघतो का?"

"कोणता निवडुंग?"

"निवडुंग," मी म्हणालो.

त्यांनी खुरपं खाली ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं. "निवडुंग म्हंजी काय एकच हाय व्हय?" ते म्हणाले. "चल माझ्यासंगं."

बागेच्या मागच्या कडेला जुनं कुंपण होतं. त्यांनी आधी एका चपट्या पातीवर कोयता मारला. आतून हिरवट गर दिसला आणि कडेनं पातळ, चिकट पाणी आलं. "ह्यो फड्या. ह्याचं दूध नसतंय. काटं वाईट, बारकी कुसं तर लईच वाईट." मग ते चार पावलं पुढं गेले. तिथं तीन धारांचे, जाड, उभे सोट एकमेकांना खेटून वाढले होते. मला बाजूला उभं करून त्यांनी एक सोट टोकाशी छाटला. कापलेल्या जागेतून लगेच पांढरं दूध ठिबकायला लागलं, गाईच्या सडातून यावं तसं. "ह्याला हात लावू नगंस. डोळ्यात गेलं तर आग आग व्हतीया." त्यांनी कोयता मातीत घासून पुसला.

"याला काय म्हणतात?"

"आम्ही थोर म्हणतो. पर बायकोचं माहेर करमाडच्या अंगाला हाय, ती माणसं ह्यालाच निवडुंग म्हणत्यात."

"आणि फड्याला?"

"त्याला नुसतं फडं."

मी विचारलं, पैठणकडं काय म्हणतात. "तिकडचं मला ठाव नाय," ते म्हणाले. मग त्यांनी आणखी काही झाडं दाखवली. बारीक हिरव्या काड्यांचा शेर, त्यालाही दूध. कोरफड, आणि तिच्याशेजारी तलवारीसारख्या पातींचं घायपात. घायपाताला काही लोक मोठी कोरफडच समजतात, आणि अशाच एका शेजारणीनं त्याचा रस अंगाला लावला तर दोन दिवस खाजवून खाजवून तिची कातडी सोलली, असं ते म्हणाले. ते हे सगळं सहज सांगत होते. मला आजवर या झाडांमध्ये फरक दिसला नव्हता असं नाही. फरक रोज दिसत होता, पण त्याला नाव असेल असं कधी वाटलं नव्हतं.

कचेरीत परत आलो तेव्हा पेशकार दौतीत शाई भरत होते. मी गावाचा अहवाल, माझा छापील तर्जुमा आणि मूळ गश्ती असे तिन्ही कागद त्यांच्यापुढं ठेवले आणि काय झालं ते सांगितलं. त्यांनी मराठी कागद जवळ ओढला. एकेका शब्दाखाली बोट ठेवत, ओठ हलवत त्यांनी ते वाक्य वाचलं. मग मूळ गश्ती बघितली.

"चप्पल किधर गई?" त्यांनी विचारलं.

"मी काढली," मी म्हणालो. "फड्या लिहिलं होतं. मग खोडलं."

"कायकू?"

तो शब्द गावंढळ वाटला असं त्यांना सांगायची लाज वाटली, कारण त्याच झाडाचं चप्पल सेंड हे दखनी नाव त्यांच्या घरातलं होतं. त्यांनी दौतीचं बूच लावलं, बोटं पुसली. "दस्तखत तो मेरी है," ते म्हणाले. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला. "कल गाँव कू जाओ. सुनके नको आओ, देखके आओ."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी करमाडला उतरलो आणि तिथून चालत निघालो. दीड तासाची वाट होती. गाव दिसायला लागलं तेव्हा सगळ्यात आधी दिसला तो फड्या. गावाभोवती त्याचं रान तसंच्या तसं उभं होतं, माणसाच्या खांद्याइतकं उंच, पिवळ्या फुलांनी भरलेलं. एक पातही कुणी तोडलेली नव्हती. त्याच्या पलीकडं शेतं होती, आणि त्यांचे बांध उघडे पडले होते. जागोजाग राखेचे काळे डाग दिसत होते. एका बांधावर दोन शेळ्या चरत होत्या.

पाटील चावडीतच होते. कचेरीतून आलो म्हटल्यावर त्यांनी घोंगडं अंथरलं, चहा सांगितला. हुकमाचा कागद त्यांनी कोनाड्यातून काढला. घडीवर घडी घालून जपून ठेवला होता.

"हुकमात निवडुंग लिवलंय," ते म्हणाले. "आम्ही निवडुंग तोडला."

"आणि गावाभोवती आहे तो?"

"ह्यो? ह्यो फडा. ह्याचं कागदात काय नाय." मग जरा थांबून म्हणाले, "आम्हालाबी नवल वाटलं, साहेब. लोक म्हणाले, सरकार कुंपण कशाला कापाया लावतंय? फडा ऱ्हायला आन् कुंपण चाललं. पर म्हटलं, कागद हाय. इचारायला जावं तर पाऊस तोंडावर आलेला."

मी त्या बाईचं घर विचारलं. ते मला घेऊन गेले. तिचं वय तिशीच्या आतबाहेर असेल. नवरा रेल्वेच्या रुळांच्या टोळीत कामाला होता आणि दिवसा घरी नसायचा. शेत दोघांचं, राबायची ती. ओसरीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ती गहू निवडत बसली होती. डोळ्यांवर ओलं फडकं बांधलं होतं आणि खडे ती बोटांनीच चाचपून काढत होती.

"कोण हाय?" तिनं विचारलं.

"कचेरीतनं साहेब आल्यात," पाटील म्हणाले. "डोळ्याचं इचाराया."

काय झालं ते तिनं सरळ सांगितलं. पुरुष तोडत होते, बायका सोट ओढून ढीग करत होत्या. सगळ्यांना ठाऊक होतं की चीक वाईट, म्हणून हाताला चिंध्या बांधल्या होत्या. पण ऊन फार होतं. घाम डोळ्यांत उतरला आणि तिनं पदरानं तोंड पुसलं. पदरावर चीक पडला आहे हे तिला दिसलं नव्हतं. "आधी चुरचुरलं. सांजच्याला डोळं सुजून मिटलं. तूप घातलं, बाळंतणीचं दूध घातलं. आता उजव्यानं जरा दिसतंय. डाव्यानं नुसता धूर. आन् उजेड सोसत नाय, म्हणून हे फडकं."

मी येताना गाडीत ठरवलं होतं की फक्त चौकशी करायची आणि परत जायचं. कुणी विचारलं असतं तर कचेरीकडून चूक झाली असं म्हणता आलं असतं. तिच्यासमोर बसल्यावर मी म्हणालो, "बाई, हुकमातला तो शब्द मी लिहिला. फड्या तोडायचा होता. मी नुसतं निवडुंग लिहिलं."

तिची बोटं थांबली.

"फडं तोडायचं व्हतं?" तिनं विचारलं.

"हो."

"मग कुसं घुसली असती. ती बी महिना महिना निघत नायत." तिनं पुन्हा गहू चाचपायला सुरुवात केली. ती माझी समजूत घालत नव्हती. एका कामाशी दुसरं काम ताडून बघत होती, एवढंच. थोड्या वेळानं म्हणाली, "शेत उघडं पडलंय त्याचं बगा. पेरणी व्हईल, पर कोंब आला की गुरं ठेवायची नायत. डोळ्याचं व्हईल काय व्हायचं ते."

मी कुंपणाचं कचेरीत सांगतो म्हणालो.

परत निघालो तेव्हा पाटील वेशीपर्यंत आले. सकाळी ते मला हरेक वाक्यात साहेब म्हणत होते, आता म्हणत नव्हते. चहाचंही त्यांनी पुन्हा विचारलं नाही. वेशीशी थांबून म्हणाले, "तुम्ही निवडुंग कधी पायला नव्हता का?"

"पाहिला होता. कोणत्याला काय म्हणतात ते माहीत नव्हतं."

"आम्हाला ठावं व्हतं," ते म्हणाले. "म्हणून तर तोडला." आणि ते वळून गेले.

मी जे बघितलं ते पेशकारांना सांगितलं. त्यांनी त्याच आठवड्यात त्या बाईला शहरात आणवून दवाखान्यात दाखवलं. डॉक्टर म्हणाले, उजवा डोळा सुधारेल, डाव्याच्या बुबुळावर डाग पडला आहे तो राहील, दोन्ही डोळे उन्हापासून जपायला हवेत. शेतात राबणाऱ्या बाईनं ऊन कसं टाळायचं हे त्यांनी सांगितलं नाही. पेशकारांचा मोतीबिंदू पूर्वी काढला होता, तेव्हाचा हिरव्या काचांचा एक चष्मा त्यांच्या घरी पडून होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो रुमालात बांधून आणला आणि दवाखान्याच्या ओसरीवर तिच्या हातात दिला. तिनं तो आधी उलटा लावला. पेशकारांनी हातानंच खूण करून सरळ कसा लावायचा ते दाखवलं. तिनं फडकं सोडून कमरेला खोचलं आणि चष्मा लावूनच बैलगाडीत बसली.

मग नवी गश्ती काढायचं ठरलं. साहेबांनी एकच अट घातली की या खेपेला शब्द असा हवा की त्यात कुणाचीही गफलत होणार नाही. मला ते सोपं वाटलं. माळीबाबांकडून मी फड्याची एक पात, थोराचा एक तुकडा आणि शेराची एक काडी आणली आणि मडक्यात घालून टेबलाशेजारी ठेवली. कचेरीत जो कुणी गावाकडून येई त्याला विचारायचं, याला तुमच्याकडं काय म्हणतात, आणि लिहून घ्यायचं. आठवडाभरात सगळं जमेल असा माझा अंदाज होता.

फर्दापूरचा एक माणूस आला, त्यानं फड्याच्या पातीला साबर म्हटलं. चितेगावचा दुसऱ्या दिवशी आला. त्यानं थोराच्या तुकड्याकडं बोट करून हेच साबर असं सांगितलं. पैठणकडचे एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, दोन्ही निवडुंगच, एक नर आणि एक मादी. शहरातला एक बागवान पातीला नागफनी म्हणाला आणि त्याच्याबरोबरचा चप्पल सेंड म्हणाला. थोर म्हणजे कोणतं असं विचारलं तर काहींनी शेराची काडी उचलली. एके दिवशी एकाच गावचे दोघं चुलतभाऊ माझ्या टेबलासमोर उभे राहून एकाच तुकड्याच्या नावावरून वाद घालू लागले. एकाची आई एका गावची होती, दुसऱ्याची दुसऱ्या गावची. शिपायानं त्यांना बाहेर काढलं.

पंधरा दिवसांनी माझ्याकडं चार रकान्यांचा मोठा तक्ता तयार झाला. तो मी रात्रंदिवस सुधारत होतो, पण जितकी माणसं वाढली तितका तो निरुपयोगी होत गेला. एका गावचं खरं नाव दुसऱ्या गावात भलत्याच झाडाचं निघायचं. शेवटी मी तो पेशकारांना दाखवला आणि म्हणालो, असा शब्दच नाही.

"शब्द नको," ते म्हणाले. "झाडच लिखो. जैसा दिखता वैसा लिखो."

म्हणून नव्या गश्तीत मी झाडाचं नाव घातलंच नाही. लिहिलं ते असं: 'ज्या काटेरी झाडाच्या पाती तळहाताएवढ्या, चपट्या, एकीवर एक उगवलेल्या असतात, ज्याला पिवळी फुलं आणि मग लाल बोंडं येतात, आणि ज्याची पात कापली असता दूध निघत नाही, तेच झाड तोडावे, मग आपल्या गावी त्याला काहीही म्हणोत. ज्याला कापल्यावर पांढरा चीक येतो त्याला हात लावू नये. बांधावरचे कुंपण तोडू नये.' आईला ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, हे कळतं.

पेशकारांनी या वेळी पूर्ण कागद वाचला. अर्धा तास लागला. "हुकुम है के पहेली है?" असं पुटपुटले, पण एकही शब्द न बदलता सही केली. त्या दिवसापासून माझा कुठलाच मराठी कागद त्यांनी न वाचता सोडला नाही. मला सुरुवातीला त्याचं वाईट वाटे. नंतर सवय झाली.

नव्या गश्तीला उत्तरं वेगवेगळी आली. काही गावांनी लिहिलं की या वर्णनाचं झाड तोडलं, आमच्याकडं त्याला अमुक म्हणतात. काहींनी लिहिलं की असं झाड आमच्या शिवारात नाही. एका पाटलानं तर फड्याची अख्खी पात फडक्यात गुंडाळून पाठवली आणि हेच का, असं विचारलं. ती मी उघडली तेव्हा बारीक कुसं माझ्या बोटांत गेली आणि चार दिवस लेखणी धरता येईना. त्या बाईचं वाक्य मला तेव्हा आठवलं. माळीबाबांनी कुसं चिमट्यानं काढायचा प्रयत्न केला, काही निघाली, काही आतच मोडली.

करमाडच्या पलीकडच्या त्या गावानं शेजारच्या गावांतून थोराचे तुकडे आणून बांधांवर पुन्हा लावले. थोर लागतो लवकर, नुसता तुकडा खोचला तरी धरतो, पण गुरांना अडवण्याइतका दाट व्हायला दोन-तीन पावसाळे जावे लागतात. त्या वर्षी बांधाकडेची ज्वारी गुरांनी खाल्ली, हे मला पाटलांच्या पुढच्या अहवालातून कळलं. तो अहवालही मीच उर्दूत केला. त्यात तक्रार नव्हती, फक्त पिकाच्या किती ओळी गेल्या ते लिहिलं होतं. पुढं काही वर्षांनी फड्यावर पांढरा, कापसासारखा किडा पडला आणि कितीतरी गावांचा फड्या कुणी हात न लावताच वाळून गेला. त्या वेळी मी दुसऱ्या कामावर होतो.

ती बाई मला त्यानंतर एकदाच भेटली. साधारण दोन वर्षांनी, शहागंजच्या बाजारात. सकाळची वेळ होती, पेशकारांच्या घरी कागद पोचवून मी परत येत होतो. भाजीच्या ओळीत ती गवारीची पाटी पुढं घेऊन बसली होती. हिरवा चष्मा डोळ्यांवर होता. मी थांबलो आणि बरी आहेस का म्हणून विचारलं. तिनं मान वर केली, पण लगेच ओळखलं नाही. माझा चेहरा तिनं नीट असा बघितला नव्हता.

"निवडुंगवाले का?" ती मग म्हणाली. "आवाजावरनं कळलं."

मी हो म्हणालो. डाव्या डोळ्यानं अजून धूरच दिसतो, उजवा चांगला आहे, असं तिनं सांगितलं. कुंपण आता कमरेपर्यंत आलं आहे. गावात तिला सगळे चष्म्याची म्हणून ओळखतात, पोरं चिडवतात, तिला त्याचं काही वाटत नाही. उन्हात चष्म्यातून सगळं हिरवं दिसतं ते तिला आवडतं. मी थोडी गवार घेतली. ती पाटीतून चांगल्या शेंगा निवडून देत होती आणि मी तिच्या बोटांकडं बघत उभा होतो.

दुपारी कचेरीत मी हे पेशकारांना सांगितलं. त्यांनी लेखणी खाली ठेवून सगळं ऐकून घेतलं.

"कान के पीछे चुभता था वो मेरेकू," ते म्हणाले. "उसकू नई चुभता?"

"विचारलं नाही," मी म्हणालो.

"पूछना था," ते म्हणाले, आणि पुढचा कागद ओढून वाचायला लागले.